शाळेतून संमतीचा कागद आलाय. सही करायची, की घरीच सांगायचं?

सहावीच्या मुलांच्या डायरीतून दरवर्षी एक कागद घरी जातो. ‘वयात येताना होणारे बदल व शरीर-सुरक्षा या विषयावर सत्र आहे. पाल्यास बसू देण्यास हरकत आहे / नाही.’ खाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ. वीस वर्षांहून जास्त काळ मी हे कागद वाटते आणि परत गोळा करते. बहुतेक सह्या होऊन येतात, काही कोरेच येतात, आणि दोन-तीन पालक दरवर्षी स्वतः शाळेत येतात. “बाई, हे आम्ही घरीच सांगू. वर्गात सगळ्यांसमोर नको.”

कागद न वाचता सही करणाऱ्यांपेक्षा या पालकांनी जास्त विचार केलेला असतो, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. स्टाफरूमच्या दारात त्यांना जे घाईघाईत सांगते, ते इथे सावकाश लिहिते. मी विज्ञान शिकवते आणि मला दोन मुलं आहेत, मुलगा १९ वर्षांचा, मुलगी १६ची. बाई म्हणूनही चुकले आहे आणि आई म्हणूनही. ते पुढे येईल.

घरी जे जमतं

घराकडे वेळ असतो. शाळेचं सत्र मंगळवारी चौथ्या तासाला असतं, मुलाचा प्रश्न मंगळवारपर्यंत थांबत नाही. माझी मुलगी सात वर्षांची असताना स्कूटीच्या मागच्या सीटवरून तिने विचारलं होतं, “आई, मावशीच्या पोटातलं बाळ कुठून बाहेर येणार?” आम्ही सिग्नलला उभ्या होतो. शेजारच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं. मी समोर बघतच म्हटलं, “बायकांना शूच्या आणि शीच्या जागेच्या मध्ये अजून एक जागा असते, तिथून. तिला योनी म्हणतात.”

“दुखतं?”

“हो, दुखतं. पण डॉक्टर असतात ना जवळ.”

“बरं.” आणि मग उसाचा रस प्यायचा का, यावर ती आली. सिग्नल सुटला.

इतकंच बोलणं, पण आईला हे विचारलं तर चालतं, आई ओरडत नाही, हे तिच्या मनात पक्कं बसलं. पुढची नऊ वर्षं त्याच्यावर चालली आहेत. मुलं असलं काही विचारतात ते आपलं तोंड समोर नसताना: गाडीवर, दिवा मालवल्यावर, मटार सोलताना. शाळेत असा निवांतपणा आणायचा म्हटला तरी आणता येत नाही.

घरचं दुसरं काम म्हणजे शब्द. अंघोळ घालताना आपण नाक, कान, कोपर, गुडघा असं सगळं शिकवतो आणि मधलाच भाग गाळतो, नाहीतर त्याला ‘चिमणी’, ‘नुनू’ असं काहीतरी लाडाचं नाव ठेवतो. बालवाडीतल्या मुलीने ताईंना सांगितलं की काकांनी माझ्या चिमणीला हात लावला, तर ताईंना कळणार काय? तीन वर्षांच्या मुलाला ‘शिश्न’ म्हणायला लावा असा माझा आग्रह नाही. ‘शूची जागा’ महाराष्ट्रात कुणालाही कळते, तेवढं पुरेसं आहे. फक्त आपल्या चार भिंतींतच कळणारा शब्द नको. आणि तो शब्द उच्चारताना आवाज खाली जाऊ नये. मुलं शब्दापेक्षा आवाज जास्त लवकर शिकतात.

घरच्या श्रद्धा आणि रीतीभाती यांचा निर्णयही घरचाच. पाळीत गर्भाशयाचं आतलं अस्तर गळून पडतं, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगू शकते. त्या चार दिवसांत देवघरात जायचं की नाही, हे मी सांगू शकत नाही. वर्गातल्या मुली अजून पाळीला ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. त्यांच्या आज्या ‘कावळा शिवला’ म्हणायच्या. कावळा गेला आणि प्रॉब्लेम आला, यात फार मजल मारली असं मला वाटत नाही. वर्गात मी ‘पाळी’च म्हणते. पण घरी बाजूला बसवलं जात असेल, तर वर्गातल्या माझ्या चाळीस मिनिटांना किती बळ राहणार?

घर जिथे अडतं

मुलीसाठी नवव्या वर्षीच पॅडचं पाकीट कपाटात आणून ठेवलं होतं. मुलाचं मात्र मी त्याच्या बाबांवर सोडलं आणि त्यांनी माझ्यावर. तो तेरा वर्षांचा होता. एका पहाटे मोरीत पाण्याचा आवाज आला म्हणून उठले, तर तो उकिडवा बसून स्वतःची चादर धूत होता. दिवा न लावता. मला बघून त्याचा चेहरा असा झाला की चोरी पकडली गेली आहे. दर वर्षी शंभर-सव्वाशे मुलांना किशोरवय शिकवणारी मी, आणि माझ्याच मुलाला कुणी सांगितलं नव्हतं की झोपेत वीर्य बाहेर येणं या वयात नेहमीचं आहे, त्याने अशक्तपणा येत नाही.

आपल्या भाषेत त्याला शब्दही ‘स्वप्नदोष’ असा आहे. दोष! रेल्वेने कुठेही जा, रुळांकडेच्या भिंतींवर गुप्तरोग आणि मर्दानी ताकद यांच्या जाहिराती रंगवलेल्या दिसतात. आपल्या मुलग्यांच्या कित्येक पिढ्यांचं पाठ्यपुस्तक ते आहे. आता त्यात मोबाइलची भर पडली, आणि मोबाइलवर जे दिसतं त्यात संमती नाही, माया नाही, कुणी कुणाला नाही म्हणत नाही. ‘घरीच सांगू’ म्हणणाऱ्या पालकांना मी एकच विचारते: मुलग्याला कोण सांगणार आहे, आणि कधी? बहुतेकदा नवरा-बायको एकमेकांकडे बघतात.

दुसरी अडचण अशी, की जे आपल्यालाच कुणी सांगितलं नाही ते आपण काय सांगणार? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते संशोधन प्रसिद्ध झालं. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं हे बाईच्या जन्माला लागलेलंच, असं आईने मानलं आणि मुलीनेही. घरातून घरात नुसती माया उतरत नाही, गैरसमजही उतरतात.

तिसरी गोष्ट लिहायला जड जाते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगेही होते, आणि त्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं. अत्याचार करणारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासाचे होते. पोलिसांकडे पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत तर दहापैकी नऊहून जास्त आरोपी ओळखीचेच निघतात: नातेवाईक, शेजारी, घरी येणारे-जाणारे. तुमच्या घरात तसं काही नसेल, नसावंच. पण प्रत्येक पालकाने ‘आमचं आम्ही बघू’ म्हणून मूल उठवून नेलं, तर ज्याला सत्राची सर्वांत जास्त गरज आहे ते मूल सर्वांत आधी उठवलं जाईल. कारण ते सत्र कुणाला नको आहे?

आणि कितीतरी मुलांना रोजचं असं घरच नसतं. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेले आई-बाप दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पोरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आश्रमशाळेतली मुलगी वर्षातले आठ-नऊ महिने घरापासून लांब असते, तिची पहिली पाळी वसतिगृहात येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आपल्या राज्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शाळा बोलली नाही, तर या मुलींशी दुसरं कुणी बोलत नाही.

आता शाळेचं खरं-खोटं

शाळेची बाजू घेते आहे, तर शाळेचंही सांगते. माझी पहिली चार वर्षं मी दहावीचा प्रजननाचा धडा कसा शिकवला? आकृती काढली, भागांची नावं दिली, प्रश्नोत्तरं लिहून दिली आणि “बाकीचं घरी वाचून या” म्हणून घंटेची वाट बघितली. पुढे हात वर झाला तर बघायलाच नको म्हणून फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे. शिवाय हा धडा येतो पंधराव्या वर्षी. मुलींच्या शरीरात बदल ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, मुलग्यांच्या ९ ते १४च्या दरम्यान. म्हणजे घर बांधून झाल्यावर नकाशा हातात येतो.

आणि दुसरं एक सत्र असतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. मुलींना हॉलमध्ये नेतात, दार लावून घेतात, पॅडच्या कंपनीकडून आलेल्या ताई वीस मिनिटं बोलतात आणि एकेक पाकीट देतात. तेवढा वेळ मुलगे मैदानावर. मुली पाकिटं ओढणीखाली धरून बाहेर येतात आणि आठवडाभर वर्गात खिदळणं चालतं. मुलग्यांना मैदानावर पाठवलं, हाच त्या दिवशीचा धडा होतो, आणि तो पक्का लक्षात राहतो.

सरकारी पातळीवरही आपण मागे-पुढे करत आलो. किशोरवयीन शिक्षणाचा केंद्राचा कार्यक्रम आला, २००७मध्ये त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. २००९मध्ये वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको असाच कौल दिला. त्यानंतर २०१२मध्ये पॉक्सो कायदा आला, २०२०मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रमात ११ विषय ठरले, २०२२मध्ये राज्यात मुलांच्या सुरक्षेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या करायचा आदेश निघाला. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा विचार करावा असं केंद्राला सुचवलं. कागदावर आता पुष्कळ आहे. वर्गात किती पोचतं, ते शाळेगणिक बदलतं.

सांगितल्याने मुलं बिघडतात का, ही भीती मी पुष्कळ ऐकते. युनेस्कोने २०१८च्या मार्गदर्शिकेसाठी जगभरातले अभ्यास तपासले, आणि अशा शिक्षणाने मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात असं त्यात आढळलं नाही. उलट काही ठिकाणी ते लांबतं, आणि जे करतात ते काळजी घेऊन करतात.

मी स्वतः बदलले ते एका मिठाईच्या खोक्यामुळे. झाकणाला चीर पाडली आणि सांगितलं, नाव न घालता चिठ्ठी टाका. मुलगे-मुली सगळ्यांनी टाकायची, काही विचारायचं नसेल तर कोरी टाकायची, म्हणजे कुणी लिहिलं ते कळणार नाही. पहिल्याच दिवशी आठवीच्या वर्गातून निघालेल्या चिठ्ठ्या माझ्याजवळ अजून आहेत. ‘माझी एका बाजूची छाती सुजली आहे आणि दुखते. मी मुलगा आहे. कॅन्सर असेल का?’ (नाही. वयात येताना कितीतरी मुलग्यांना तसं होतं आणि आपोआप जातं. हा मुलगा किती महिने एकटा घाबरत होता, कोण जाणे.) ‘पाळी आली की उंची वाढायची थांबते का?’ ‘माझा आवाज फाटला, परत गाता येईल का?’ आणि एक, पेन्सिलीने, खोडून पुन्हा लिहिलेली: ‘नको म्हटलं तरी कुणी ऐकत नसेल तर?’

ही शेवटची चिठ्ठी घरात पडली नसती.

र. धों. कर्व्यांनी १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक सुरू केलं, त्यातही वाचक असेच प्रश्न पाठवायचे. त्यांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली, तरी खटला हरले. पुढे १९५३मध्ये, मरेपर्यंत, कर्वे ते मासिक चालवत राहिले. आपल्याकडे प्रश्नांना तोटा कधीच नव्हता.

शाळेकडे अजून एक गोष्ट आहे जी घराकडे नाही: कायद्याचा रेटा. मुलावर अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सोखाली कुणावरही बंधनकारक आहे. पण घरात ‘आपल्याच माणसाचं’ म्हणून दाबलं जातं. शाळेत दाबलं तर मुख्याध्यापकांना वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि ती गणवेशात नसते. हे पालकांना माहीत असलं तर निम्मी भीती जाते. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक मुलांना पाठ असू द्या, पाढ्यासारखा.

मात्र शाळेवर डोळे मिटून विसंबू नका. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरात अगदी लहान मुलींवर शाळेच्या आवारातच अत्याचार झाला, आणि तो उघडकीला आला तो मूल घरी बोललं म्हणून. बोलण्याची सवय आधीपासून घरात हवी, ती यासाठी.

मग ठरवायचं कसं?

आठ वर्षांपर्यंत काम जवळपास सगळं घरचं. शब्द, नको म्हणायचा हक्क, बाळ कुठून येतं. पाहुण्यांना पापा द्यायचा नसेल तर न देऊ देणं हेही यातच आलं, मग मामांना राग आला तरी चालेल. नऊ ते बारा या वर्षांत दोन्ही हवं, आणि घराने शाळेच्या आधी बोलायला हवं: मुलीशी पाळीबद्दल नवव्या वर्षापर्यंत, मुलग्याशी दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत. मुलग्याला पाळीही सांगा, त्याला बहीण नसली तरी. तेराच्या पुढे मूल आई-बाबांसमोर तोंड उघडत नाही, आणि ते त्या वयाला धरूनच आहे. तिथे शाळा जास्त उपयोगी पडते, आणि शाळेतही बोलायचं नसेल तर सरकारी रुग्णालयांतली मैत्री क्लिनिक आहेत, किशोरवयीनांसाठीच काढलेली. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेची तारुण्यभान शिबिरं पाहिलेली मुलं कुठे भेटली, तर त्यांच्याशी बोलून बघा. सलग दिवस मिळाले की हा विषय किती मोकळा होतो, ते कळेल.

माझी चुलत बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. तिथे सप्टेंबर २०२०पासून नातेसंबंधांचं आणि आरोग्याचं शिक्षण शाळांत सक्तीचं आहे. वयात येण्याची माहिती आरोग्यात येते, त्यातून मूल काढून घेता येत नाही. लैंगिक संबंधांच्या भागातून काढायची विनंती पालक करू शकतात. आपल्याकडचा संमतीचा कागदही असा दोन भागांत हवा, असं माझं ठाम मत आहे. शरीर-सुरक्षा आणि वयात येणं यासाठी सही मागूच नये, गणितासाठी मागतो का? गर्भनिरोधन आणि संबंध हे आठवी-नववीपासून, आणि त्यासाठी पालकांना आधी बोलावून साहित्य दाखवावं.

तोवर तुमच्यासमोर एकच कागद आहे. सही करण्याआधी शाळेत फोन करून विचारा: सत्र कोण घेणार, मुलगे बसणार का, प्रश्नांना वेळ आहे का, नंतर मुलाला काही सांगायचं झालं तर कुणाकडे जायचं, सखी सावित्री समितीतल्या लोकांची नावं लावली आहेत का. उत्तरं अर्धवट आली तरी सही करा आणि त्या संध्याकाळी विचारा, “आज काय सांगितलं?” रोगांचे फोटो दाखवून घाबरवणारा किंवा मुलींच्या कपड्यांवर घसरणारा कुणी बोलवला असेल, तर मात्र ‘हरकत आहे’वर खूण करा आणि कारण मुख्याध्यापकांना लेखी द्या. तसा कागद आला की शाळा हलते, हे मी आतून पाहिलं आहे.

मागच्या वर्षी एका मुलीचे वडील आले होते, टेम्पो चालवतात. “बाई, घरीच सांगीन मी.” मी वाद घातला नाही, म्हटलं आज सत्र आहेच, शेवटच्या बाकावर बसा आणि मग ठरवा. ते बसले, गुडघे बाकात मावत नव्हते. मुलांनी चिठ्ठ्या टाकल्या, तशी त्यांनीही एक टाकली. मोठ्या, वळणदार अक्षरात होती, त्यामुळे कुणाची ते लगेच कळलं. ‘मुलीची आई नाही. पॅड कोणतं आणायचं, किती वेळाने बदलायचं, आणि तिला सांगायचं कसं.’

उत्तर मी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं आणि फाटकाशी त्यांच्या हातात दिलं. ‘आधी साधं, मध्यम आकाराचं एक पाकीट आणा, तिच्या कपाटात ठेवा, दोन पॅड दप्तरात. चार-सहा तासांनी बदलायचं, भिजलं तर आधीच. वापरलेलं कागदात गुंडाळून कचऱ्यात. आणि सांगताना तिला टेम्पोत शेजारी बसवा. तुम्ही रस्त्याकडे बघत बोला, तीही रस्त्याकडे बघत ऐकेल.’